विभक्ती गाळून मिळवलेला पहिला क्रमांक

मराठीचे पदवीधर बेकार का राहतात, या प्रश्नाचे एक सुटसुटीत उत्तर अलीकडे आमच्या कानांवर वारंवार येते: त्यांना शोधयंत्रांसाठी लिहिता येत नाही. मध्यंतरी एका महाविद्यालयातील रोजगारविषयक कार्यशाळेत हेच उत्तर आम्ही सविस्तर ऐकले. मार्गदर्शकांचा उपदेश असा: लोक गूगलवर जे शब्द टंकतात ते जसेच्या तसे उचलावेत, शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात, उपशीर्षकांत आणि समारोपात ते पेरावेत, त्यांचे शेकडा प्रमाण मोजत राहावे, आणि मजकूर होईल तितका लांबवावा. एम.ए.चे विद्यार्थी हे सारे वहीत उतरवून घेत होते आणि मागच्या बाकांवर बसलेले आम्ही अध्यापक माना डोलवत होतो. त्या मान डोलावण्याचे प्रायश्चित्त म्हणून हे टिपण.

प्रथम या लेखनाचे रूप पाहू. परीक्षेच्या तोंडावर एखादा विद्यार्थी कवितेच्या रसग्रहणाविषयी शोध घेतो आणि त्याच्यापुढे जे येते ते साधारण या धर्तीचे असते: ‘मित्रांनो, आजच्या लेखात आपण कविता रसग्रहण मराठी याविषयी माहिती जाणून घेणार आहोत. अनेकांना कविता रसग्रहण मराठी कसे लिहावे हा प्रश्न पडतो. चला तर मग, जाणून घेऊया कविता रसग्रहण मराठी.’ तीन वाक्ये संपली. रसग्रहणाविषयी अक्षरही नाही. पुढे येते तेही बहुधा दुसरीकडून उचललेले आणि चार शब्द बदलून लपवलेले.

पोकळपणा ही या मजकुराची लहान व्याधी. मोठी व्याधी व्याकरणाची आहे. ‘कवितेचे मराठीतील रसग्रहण’ या शब्दांत जे नाते आहे ते ‘कविता रसग्रहण मराठी’ या उतरंडीत नाही. मराठी वाक्य विभक्तिप्रत्ययांवर आणि शब्दयोगी अव्ययांवर उभे असते. नाम वाक्यात शिरताना सामान्यरूप धारण करते: पुणे ‘पुण्याला’ होते, पाणी ‘पाण्यात’ होते. इंग्रजीत नामाला नाम चिकटवून समूह बनवता येतो. मराठीत समास सोडले तर तशी सोय फारशी नाही. त्यामुळे शोधखिडकीत घाईने टंकलेला तुटक शब्दसमूह तसाच वाक्यात बसवायचा, असा दंडक घातला की पहिली कुऱ्हाड सामान्यरूपावर पडते. कोणाचे, कोणासाठी, कशामुळे, हे सांगणारे सारे अवयव गळून पडतात. वर्षभर असे लिहिणाऱ्या तरुणाच्या हातून पुढे कार्यकारणभाव सांगणारे एक सलग वाक्य उतरेल, अशी अपेक्षा आम्ही कशाच्या आधारावर करावी?

यावर ठरलेले उत्तर येते: ‘काय करणार, यंत्राची मागणीच तशी आहे.’ हे उत्तर तपासून पाहिले पाहिजे, कारण ते बव्हंशी खोटे आहे.

शोधविद्येच्या मुळाशी असलेली एक कल्पना करेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश विदुषीने १९७२ साली मांडली. जो शब्द थोड्याच दस्तऐवजांत आढळतो त्याला अधिक वजन द्यावे. जो सर्वत्र आढळतो तो भेद दाखवण्यास निरुपयोगी, असा तिचा आशय. म्हणजे नेमका, विरळा शब्द मोलाचा. सर्वांनी सर्वत्र एकच शब्दसमूह पेरण्याचा उद्योग या विचाराच्या थेट विरोधात जातो. पुढे १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची पद्धत मांडली. तिचा आदर्श विद्वत्तेच्या जगातून घेतलेला होता: ज्या प्रबंधाचा इतर प्रबंध हवाला देतात तो महत्त्वाचा, तसे ज्या पानाकडे इतर पाने दुवे देतात ते महत्त्वाचे, आणि दुवा देणारे पान स्वतः जितके मान्यवर, तितका त्याचा दुवा वजनदार.

शब्दांच्या ठासणीला यंत्राकडून शासनही होत आले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ गूगलने आपल्या सूचीतून काही काळ काढून टाकले. यंत्राला दाखवायचे पान आणि माणसाला दाखवायचे पान त्यांनी वेगळे ठेवले होते. पानाच्या पोटात दडवलेली कीवर्डांची यादी आपण क्रमवारीसाठी विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ साली जाहीर केले. २०११ साली ‘पांडा’ नावाच्या फेरबदलाने निकृष्ट आणि नकललेला मजकूर खाली ढकलण्याचा प्रयत्न झाला. या उपायांना पूर्ण यश आले असे आम्ही म्हणणार नाही; वर दिलेला मासला अजूनही वाचायला मिळतोच. परंतु २०१९ सालची घटना मराठीच्या अध्यापकाने मुद्दाम लक्षात ठेवावी. त्या वर्षी गूगलने ‘बर्ट’ ही पद्धत शोधात आणली आणि वर्षअखेर ती मराठीसह सत्तराहून अधिक भाषांना लागू केली. तिचा गाजावाजा कशासाठी झाला? इंग्रजीतील ‘फॉर’, ‘टू’ यांसारखे चिमुकले शब्द वाक्याचा अर्थ कसा पालटतात, हे तिला पूर्वीपेक्षा बरे उमगते म्हणून! यंत्र संबंधदर्शक शब्द वाचायला शिकत होते आणि त्याच काळात आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना विभक्ती गाळायला शिकवत होतो. याहून मोठा उपहास कोणता?

पोटाचा प्रश्न राहतोच आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वाचकाचे लक्ष वेधणे यात कमीपणा आहे असेही आम्ही मानत नाही. ज्ञानेश्वरांनीही श्रोत्यांकडे अवधान मागितलेच. पण तेथे अवधानाच्या बदल्यात काही द्यायचे होते. येथे अवधान मिळाले की जाहिरात दाखवायची, एवढाच व्यवहार. शिवाय हा रोजगार टिकाऊ तरी आहे काय? शोधाच्या माथ्यावर यंत्रानेच रचलेले सारांश गूगलने २०२४ पासून भारतातही दाखवायला सुरुवात केली आहे. ज्या लेखात सारांशापलीकडे काही नाही, त्याच्यापर्यंत वाचकाने यावे तरी कशाला? जे काम यंत्र क्षणात करते त्याच कामासाठी आम्ही माणसे घडवत आहोत.

येथवर आमचा रोख मार्गदर्शकांवर होता. आता तो स्वतःकडे वळवणे भाग आहे. त्या विद्यार्थ्याला पहिल्या पानावर नकललेला मजकूर भेटतो, कारण त्याच्या तोडीस तोड काही आम्ही तेथे ठेवलेलेच नाही. युनिकोड येण्यापूर्वी मराठी मजकूर नाना फाँटांत अडकलेला होता. डोळ्यांना देवनागरी दिसे, यंत्राला मात्र रोमन चिन्हांची निरर्थक रास. आजही त्या फाँटांतून काढलेल्या पीडीएफमध्ये आमचे कित्येक शोधनिबंध गाडलेले आहेत. त्यांतील एक शब्दही धडपणे शोधता येत नाही. दुव्यांचे म्हणाल तर आम्ही एकमेकांचा हवाला देण्यात कमालीचे कंजूष. ज्याच्याशी वाद घालायचा त्याचेही नाव न घेता ‘काही समीक्षक’ म्हणून मोकळे होतो. मग पेजरँकने आमचे महत्त्व ओळखावे कशावरून? ज्या भाषेत शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची खपून सिद्ध केली, त्या भाषेच्या अभ्यासकांना सूचीचे महत्त्व दुसऱ्याने शिकवावे, ही शरमेची गोष्ट आहे.

तेव्हा आमची मागणी सरळ आहे. अभ्यासक्रमात हा विषय अवश्य घ्यावा, पण तो सूचिशास्त्राचा आणि संपादनाचा भाग म्हणून. लेखाचे शीर्षक लेखकाचे व कृतीचे नाव स्पष्ट सांगणारे असावे. मजकूर युनिकोडमध्ये असावा. ज्यांच्या विवेचनाचा आधार घेतला किंवा ज्यांचे खंडन केले, त्यांच्या लेखांचे दुवे द्यावेत. शब्द विषयाला लागतील तेवढे आणि तेच असावेत. आणि कार्यशाळेतला तो उपदेश वर्गात वाचून दाखवून विद्यार्थ्यांना एकच स्वाध्याय द्यावा: अशा धर्तीचे कोणतेही एक पान घ्या, गळालेल्या विभक्ती परत लावा, पुनरुक्ती काढा आणि उरलेला मजकूर वहीत उतरवा. बहुतेकांची वही कोरी राहील. त्या दिवशी आम्ही मान डोलावली तर त्याला अर्थ असेल.