पुसण्यापूर्वी रोजकीर्द वाचा

प्रयोगशाळेतला संगणक काल सुरळीत चालत होता आणि आज त्यावरून छपाईच होत नाही, असा प्रसंग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अशा वेळी पहिला प्रश्न येतो, “काय केलंत?” आणि त्याचे ठरलेले उत्तर येते, “काहीच नाही, सर!” मग कोणीतरी जाणकार येतात, सगळे पुसून प्रणाली नव्याने भरून देतात. संगणक सुरू होतो. बिघाड कशाने झाला होता, हे मात्र कोणालाच कळत नाही. ही रीत मला अशास्त्रीय वाटते, कारण पुष्कळदा उत्तर त्याच संगणकात लिहिलेले असते आणि आपण ते न वाचताच पुसतो.

डेबियन, उबुंटू किंवा सी-डॅकने डेबियनच्या आधारे तयार केलेली ‘बॉस’ ह्या लिनक्स प्रणाली घ्या. त्यांत सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ म्हणजे बांधलेल्या गठ्ठ्यांच्या रूपाने येते. गठ्ठा सोडून जागेवर बसवण्याचे काम ‘डीपीकेजी’ ही आज्ञावली करते आणि प्रत्येक कृतीची एक ओळ ‘डीपीकेजी.लॉग’ ह्या फायलीत लिहिते. तारीख, वेळ, कृती, गठ्ठ्याचे नाव, जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती, असा त्या ओळीचा क्रम. (पडद्यावर हे सारे रोमन अक्षरांत दिसेल.) शेजारच्या ‘एपीटी’ ह्या कप्प्यातील ‘हिस्टरी.लॉग’ त्याहून बोलकी आहे. कोणती आज्ञा दिली गेली आणि बहुधा कोणत्या वापरकर्त्याने दिली, हेही ती सांगते. “काहीच नाही, सर!” तिथे टिकत नाही.

तुम्ही विचाराल, आज कोणती आवृत्ती बसवलेली आहे हे संगणक सांगतोच, मग जुन्या नोंदी कशाला? वाण्याच्या दुकानातला हिशेब आठवा. रोजकिर्दीवरून शिल्लक काढता येते, पण नुसत्या शिलकेवरून कीर्द उभी करता येत नाही.

हा भेद किती महत्त्वाचा आहे ते मार्च २०२४ मध्ये साऱ्या जगाला कळले. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंता डेबियनच्या ‘अनस्टेबल’ म्हणजे अस्थिर आवृत्तीवर काम करीत होते. दूरच्या संगणकात प्रवेश देणाऱ्या ‘एसएसएच’ ह्या सेवेला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, असे त्यांच्या लक्षात आले. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्यांनी माग काढला, तेव्हा माहिती आवळून ठेवणाऱ्या ‘एक्सझेड’ ह्या साध्या गठ्ठ्याच्या ५.६.० आणि ५.६.१ ह्या आवृत्त्यांत कोणीतरी हेतुपुरस्सर चोरदरवाजा ठेवलेला आढळला. २९ मार्चला त्यांनी तो उघड केला. ‘काली’ ह्या प्रणालीच्या चालकांनी जाहीर केले, की २६ ते २९ मार्च ह्या दिवसांत त्यांची प्रणाली बाधित होती.

आता समजा, तुम्ही २७ तारखेला प्रणाली अद्ययावत केली आणि ३० तारखेला पुन्हा केली. ३१ तारखेला संगणकाला विचारले, तर तो निर्दोष आवृत्ती दाखवील. मधले तीन दिवस चोरदरवाजा तुमच्या घरात होता की नाही, हे सांगेल फक्त रोजकीर्द. तीत ‘अपग्रेड’ ह्या शब्दाच्या ओळी शोधाव्यात. मात्र नुसते ‘एक्सझेड’ शोधून थांबू नये. खरा दोष ‘लिबएलझेडएमए५’ ह्या वेगळ्या नावाच्या गठ्ठ्यात होता. आणखी एक गंमत अशी की आवृत्तीचा क्रमांक वाढताच असावा लागतो. म्हणून डेबियनने जुनी, निर्दोष आवृत्ती परत आणली तेव्हा तिचे नाव ‘५.६.१+रिअली५.४.५’ असे ठेवले! घाईने पहिले तीन आकडे वाचणारा इथे हमखास फसेल.

अर्थात ही कीर्द म्हणजे वेदवाक्य नव्हे. ‘पिप’ने बसवलेल्या पायथनच्या गठ्ठ्यांची नोंद तीत नसते. संगणकाचे घड्याळ चुकले असेल, तर तारखाही चुकतात. ज्याच्या हाती सर्वाधिकार आहेत, तो ओळी खोडूही शकतो. शिवाय दरवाजा होता एवढेच ती सांगते. त्यातून कोणी आत आले होते का, हे तिला ठाऊक नसते.

शिक्षक म्हणतील, उद्या परीक्षा आहे, तीस संगणक आहेत. नोंदी वाचीत कुठे बसू? हे म्हणणे रास्त आहे. मग जरूर पुसा, पण त्याआधी ‘लॉग’ हा कप्पा पेन-ड्राइव्हवर उतरवून घ्या. त्याला काही मिनिटे पुरतात. परीक्षा संपल्यावर नववीच्या मुलांना तो वाचायला द्या आणि बिघाडाच्या आदल्या दिवशी काय काय बदलले, ते शोधायला सांगा. इतका जिवंत प्रयोग पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.

आणि मित्रहो, उशीर करू नका. नेहमीच्या मांडणीत ह्या नोंदी दरमहा नव्या फायलीत सुरू होतात, जुन्या आवळून ठेवल्या जातात (त्या ‘झेडग्रेप’ ह्या आज्ञेने न उलगडताही चाळता येतात) आणि साधारण बारा महिन्यांनंतर सर्वांत जुनी फाइल आपोआप नाहीशी होते. गेल्या वर्षीचे पान ह्या महिन्यात अजून शिल्लक असेल. पुढच्या महिन्यात ते असेलच असे नाही.