जबाबदार कोण? एका विशेषणाविषयी

'जबाबदार कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्दप्रयोग अलीकडे कंपन्यांच्या अहवालांत, शासकीय धोरणांत आणि विद्यापीठांच्या चर्चासत्रांत सर्रास आढळतो. आमचा आक्षेप त्यातील विशेषणालाच आहे. जबाबदार म्हणजे जाब विचारला असता उत्तर देण्यास बांधील असलेला. यंत्राला लाज वाटत नाही, त्याची बदली होत नाही, चौकशीपुढे ते उभे राहत नाही. मग हे विशेषण यंत्राला का चिकटवायचे? माणसाच्या अंगावरून ते उतरवता यावे म्हणून, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न तंत्रज्ञांचा म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी सोडून देऊ नये. कर्ता लोपवण्याची कला आपल्या प्रशासकीय मराठीला पूर्वीपासून अवगत आहे. 'अर्ज नामंजूर करण्यात आला.' कोणी केला, हे वाक्य सांगत नाही. आता त्या रिकाम्या जागी 'प्रणाली' येऊन बसली आहे. 'प्रणालीने अर्ज नामंजूर केला.' प्रयोग बदलला, वाक्याला कर्ता मिळाला. जाब विचारावा असा माणूस मात्र अद्याप गैरहजरच आहे.

नेदरलँड्सचे उदाहरण पाहावे. तेथील कर-प्रशासनाने २०१३ पासून बालसंगोपन भत्त्याच्या अर्जांची छाननी करण्यासाठी स्वतः शिकत जाणारा अल्गोरिदम वापरला. अर्जात गफलत असण्याचा धोका किती, ह्याचे गुण तो देई. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही त्यातला एक निकष होता. गुण जास्त भरले की अर्ज एका कर्मचाऱ्याकडे तपासणीस जाई. म्हणजे ज्या 'मानवी देखरेखी'चा आज उद्घोष चालतो, ती तेथे होती. परंतु गुण जास्त का भरले, हे त्या कर्मचाऱ्यास कळवले जात नसे, असे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०२१ च्या अहवालात दाखवून दिले. किरकोळ चुकांसाठी कुटुंबांकडून आधी दिलेले सारे भत्ते परत मागण्यात आले; हजारो पालक कर्जात बुडाले. संसदीय समितीने डिसेंबर २०२० मध्ये दिलेल्या अहवालाचे शीर्षकच 'अभूतपूर्व अन्याय' अशा अर्थाचे होते. १५ जानेवारी २०२१ रोजी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पुढे निवडणूक झाली आणि तेच मार्क रुटे पुन्हा पंतप्रधान झाले.

ह्या प्रकरणातला आम्हांला सर्वांत बोलका वाटणारा कागद २०१७ चा आहे. कर-प्रशासनातील विधी सल्लागार सान्द्रा पाल्मेन यांनी एका प्रकरणाच्या टिपणात खाते चुकले असल्याचे आणि पालकांना भरपाई द्यावी असे लिहिले होते. ते टिपण बासनात गेले आणि उजेडात आले २०२० मध्ये. यंत्राला विवेक नव्हता, हे खरेच. खात्याकडे मात्र तो होता आणि चक्क लेखी स्वरूपात होता. ऐकून घेण्याची रीत तेवढी नव्हती.

कोणी म्हणेल, माणसेही पूर्वग्रहदूषित असतातच. यंत्र निदान सर्वांना एकच मोजपट्टी लावते. युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण वाकडी मोजपट्टी सर्वांना सारखीच लावली म्हणून ती सरळ होत नाही. एका कारकुनाचा पूर्वग्रह एका टेबलापुरता असतो. यंत्रात शिरलेला पूर्वग्रह सगळ्या खात्याचा नियम बनतो.

तत्त्वांची वाण कोठेच नाही. आपल्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत उत्तरदायित्व हे एक सूत्र आहे. निर्बंधापेक्षा नवनिर्मितीला अग्रक्रम, हेही एक आहे. ही दोन सूत्रे समोरासमोर ठाकतील तेव्हा कोणते माघार घेईल, हे संस्थेच्या अंगवळणी काय पडले आहे त्यावर ठरेल. समित्या नेमून, शपथा लिहून ही सवय लागत नाही. ती लागावयाची तर तीन गोष्टी हव्यात. यंत्राच्या साहाय्याने घेतलेल्या प्रत्येक निर्णयाखाली, तो फिरवण्याचा अधिकार असलेल्या माणसाचे नाव हवे. त्या माणसास निर्णयामागची कारणे कळायला हवीत. आणि 'हे चुकीचे आहे' असे लिहिणाऱ्याची बदली होता कामा नये. त्याचे टिपण सर्वोच्च मंडळापुढे ठेवले गेलेच पाहिजे.

आमच्या प्राध्यापक मित्रांना हे दूरचे वाटत असेल, तर त्यांनी घरचाच प्रश्न घ्यावा. निबंध विद्यार्थ्याने लिहिला की यंत्राने, हे ओळखण्याचा दावा करणारी सॉफ्टवेअरे आता उपलब्ध आहेत आणि ती चुकतात. उद्या अशा अहवालाच्या आधारे एखाद्या विद्यार्थ्यावर चोरीचा ठपका आला, तर त्या कागदावर सही कोणाची असेल? हा प्रश्न विद्यापरिषदेत खरेदीच्या आधी विचारावा. नंतर विचारला, तर उत्तर ठरलेले आहे: 'प्रणालीने तसे दर्शवले आहे.'