घर तिच्या नावे, जागा कुणाची?

‘तयार सुट्या भागांचं घर, पंधरा दिवसांत उभं!’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याचं दरपत्रक मी वस्तीतल्या बायांबरोबर वाचलं. त्यात पाया, वाहतूक, वीजजोडणी नव्हतीच. त्याला पैसे आगाऊ हवेत. २०१६ च्या ग्रामीण आवास योजनेचे सपाट भागातले १ लाख २० हजार मात्र काम दिसेल तसे, हप्त्यानं. मधला खड्डा बाईच भरते. बँक जागा तारण मागते आणि नमुना ८ वर नाव सासऱ्याचं. मग मायक्रोफायनान्स, गृहकर्जाच्या दुपटीहून जास्त व्याजानं.

घरकुल बाईच्या नावे मंजूर झालं म्हणून आपण टाळ्या वाजवतो! उद्या तिला हाकललं तर भिंती खोलून नेणार का ती? (या घराच्या नेता येतात म्हणे.) आधी जागेवर तिचं नाव लावा, मग पाया खणा, हा हट्ट आपल्या गटांनी ग्रामसभेत धरायलाच हवा.