बाजाराला नको असलेली पेशी

गर्भवतीच्या रक्तात गर्भाच्या काही पेशी फिरत असतात. त्या वेगळ्या काढल्या तर गर्भाशयात सुई न घालता आनुवंशिक रोगाचे निदान होऊ शकते, ही दिशा १९७९ पासून शास्त्रज्ञांपुढे आहे. अडचण संख्येची. मिलिलिटरभर रक्तात तांबड्या पेशी काही अब्ज आणि गर्भाची पेशी जेमतेम एखाददुसरी. त्यातही पांढरी पेशी आधीच्या बाळंतपणातली उरलेली असू शकते. १९९७ साली आईच्या रक्तद्रवात गर्भाचा सुटा डीएनए सापडला आणि भांडवलाने ती सोपी वाट धरली. डाऊन सिंड्रोमची चाचणी शहरी सधनांना विकली जाऊ लागली.

वऱ्हाडाचा प्रश्न निराळा आहे. अमरावती-अकोल्याच्या आदिवासी आणि दलित वस्त्यांत सिकलसेल आहे. आईबाप दोघेही वाहक असले तर दर गर्भारपणी चारात एक मूल रोगी होण्याचा संभव. येथे आईच्याच रक्तद्रवात तिचा स्वतःचा सदोष जनुक तरंगत असल्याने सुटा डीएनए उत्तर देताना चाचरतो. वेगळी काढलेली गर्भपेशी मात्र नेमके बोलेल. गरिबाला हवी तीच पद्धत मागे पडली, आणि याला केवळ शास्त्रीय अडचण म्हणणे भाबडेपणाचे आहे.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची मोहीम जाहीर केली, मुदत २०४७. तपासणीची कार्डे वाटली जात आहेत. लग्न जुळवण्यापूर्वी कार्ड पाहा, हा सल्ला ठीक. पण झालेल्या लग्नाचे काय?

या पेशीतून लिंगही कळते, म्हणून काही साथी शास्त्रच नको म्हणतात. त्यांची भीती पोकळ नाही. १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला, १९९४ साली केंद्राने केला. तरी सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. सोनोग्राफीच्या यंत्राला सील ठोकता येते, कुरियरने जाणाऱ्या रक्ताच्या नळीला कोण ठोकणार? पण म्हणूनच ही तपासणी खाजगी दुकानांकडे सोडता कामा नये. ती अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हवी, जेथे फक्त हिमोग्लोबिनचा जनुक वाचला जाईल. निर्णय आईचा, आणि जे रोगी मूल जन्मेल त्याला हायड्रॉक्सियुरिया आणि रक्त फुकट मिळालेच पाहिजे. ही पेशी हाती येईपर्यंत वारेची तपासणी तेथे वेळेत, विनामूल्य व्हावी. धारणी-चिखलदऱ्याहून येणाऱ्या बाईचे भाडे आणि बुडालेली मजुरी सरकारने भरावी.