पोर्टल आपल्या नावाचं, ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर

एखाद्या दुकानदाराला विचारा, "धंदा डिजिटल झाला का?" तो गल्ल्यावरचा क्यूआर कोड दाखवतो, पैसे आले की बोलणारा तो डबा दाखवतो. मुलगा इन्स्टावर दुकानाची रील टाकतो, हेही कौतुकाने सांगतो. सगळं चांगलंच आहे. पण मी हल्ली व्यापारी मित्रांना एकच प्रश्न विचारतो: जीएसटी पोर्टलवर तुमच्या नोंदणीला मोबाईल नंबर कुणाचा आहे?

उत्तर ठरलेलं. "ते आमचे टॅक्सवाले बघतात हो."

म्हणजे नंबर त्यांचा किंवा त्यांच्या ऑफिसातल्या पोराचा, ईमेल त्यांचा, पासवर्डही त्यांच्याकडे. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा सगळ्यांचीच धांदल होती. सल्लागारांनी स्वतःचा नंबर टाकून काम उरकलं आणि ते तसंच राहून गेलं. यात दरवेळी कुणाचा वाईट हेतू असतो असं नाही. शंभर गिऱ्हाइकांना ओटीपीसाठी फोन कोण करत बसणार?

पण याची किंमत मालक मोजतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 169 मध्ये नोटीस बजावण्याचे जे मार्ग दिलेत, त्यात ती पोर्टलवर ठेवणं हाही एक मार्ग आहे. दारात पोस्टमन येईलच असं नाही. एसएमएस आलाच तर तो दुसऱ्याच्या खिशात वाजतो. उत्तर गेलं नाही की एकतर्फी आदेश होऊ शकतो. अपिलाला मुदत 3 महिने, सबळ कारण दिलं तर आणखी 1 महिना, आणि वादातल्या कराच्या 10 टक्के रक्कम आधी भरायची. हे सगळं संपून गेल्यावर, बँकेचं खातं गोठलं की मग मालकाला कळतं. मद्रास उच्च न्यायालयात अशीही प्रकरणं गेली की नोटीस नेहमीच्या टॅबमध्ये नव्हतीच, 'अ‍ॅडिशनल नोटिसेस' नावाच्या दुसऱ्याच टॅबखाली पडून होती. काहींना न्यायालयाने पुन्हा संधी दिली. पण एका न बघितलेल्या टॅबसाठी हायकोर्टाची पायरी!

दुसरी गोष्ट रोजच्या पैशांची. जानेवारी 2022 पासून नियम असा की पुरवठादाराने तुमचं बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलं तरच तुम्हाला त्या कराचं क्रेडिट मिळणार. 1 लाखाचा माल, 18 टक्के कर, म्हणजे 18,000 रुपये त्याच्या आळसावर टांगलेले. दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीआर-2बी तयार होतो, त्यात कुठलं बिल आलं नि कुठलं नाही ते सरळ दिसतं. ज्याला तो वाचता येतो तो पुरवठादाराला सांगू शकतो, "आधी बिल दाखव, मग उरलेलं पेमेंट."

"मग सीएला पैसे कशाचे द्यायचे?" असं लगेच कुणीतरी म्हणेल. रिटर्न त्यांनीच भरावं, ते त्यांचं शास्त्र आहे. पण दुकानात नोकर ठेवला म्हणून कुणी गल्ल्याची चावी कायमची देऊन टाकत नाही, संध्याकाळी हिशोब आपणच बघतो. आणि "आम्हाला नाही बुवा जमत" हे मला अजिबात पटत नाही. ज्यांनी आयुष्यभर किर्द-खतावणी केली, चार पानांच्या बेरजेतली चूक नजरेने पकडली, त्यांना पोर्टलवरचा कॅश लेजर आणि क्रेडिट लेजर अवघड? ती खतावणीच आहे, फक्त काचेवर.

खरी अडचण शिकवणाऱ्यांची आहे. एमएस-सीआयटी नोकरी शोधणाऱ्या पोरांसाठी. पन्नाशीचा हार्डवेअरवाला त्यात बसत नाही. व्यापारी संघटनांचे कार्यक्रम होतात, त्यात पाहुणे एआय आणि डिजिटल मार्केटिंगवर बोलतात, सत्कार, जेवण, फोटो. त्यापेक्षा मंगल कार्यालयात दोन तास, प्रत्येकाचा स्वतःचा फोन आणि स्वतःचं लॉगिन, आणि समोर लेजर, 2बी आणि नोटिसांचे टॅब उघडायला लावणारा एक माणूस, एवढं पुरे.

लॉगिन हातात असेल तर नोंदणीच्या नॉन-कोर दुरुस्तीतून मोबाईल आणि ईमेल बदलता येतो. पासवर्डच मिळत नसेल तर आपल्या हद्दीतल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे ओळखीची आणि धंद्याची कागदपत्रं घेऊन जायचं, तो नंबर बदलून देऊ शकतो. मध्यस्थ स्वतःचा नंबर टाकतात आणि लॉगिन देत नाहीत अशा तक्रारी आल्या म्हणून सरकारनेच 2018 मध्ये ही सोय जाहीर केली. तेव्हा मागायला संकोच नको.

भांडण करायचीही गरज नाही. महिन्याचं रिटर्न असेल तर 11 तारखेच्या आत कधीतरी सल्लागाराच्या ऑफिसात जा, त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि म्हणा, "साहेब, आज मला दाखवत दाखवत भरा." चहा आपल्याकडून.