कोऱ्या पानाचा मेकओव्हर

आंबिवलीहून रोज सीएसएमटी गाठणाऱ्यांच्या प्लॅनरमध्ये एक नोंद हमखास राहून जाते. मीटिंग असते, डेडलाइन असते, विम्याचा हप्ताही असतो. प्रवास मात्र कुणीच लिहीत नाही! जाऊन-येऊन तीनेक तास, आठवड्याचे पाच दिवस. झाले की पंधरा तास! तर मंडळी, या वेळी प्लॅनर सजवायला घेऊ या, पण सुरुवात या पंधरा तासांपासून.

वाशी टेप : नवी मुंबईतली वाशी नव्हे! ‘वा’ म्हणजे जपानी, ‘शी’ म्हणजे कागद. जपानच्या कुराशिकीमधली कामोई ही कंपनी १९२३ मध्ये माश्या पकडायचा चिकट कागद बनवायची, पुढे रंगकामाचे मास्किंग टेप बनवू लागली. २००६ मध्ये टोकियोच्या तीन जणींनी तिला ‘कारखाना बघायला येऊ का?’ असं विचारलं आणि २००८ मध्ये ‘एमटी’ नावाने सजावटीचे रंगीत टेप आले. हा टेप हाताने फाटतो, त्यामुळे कात्री नको. चुकला तर अलगद उचलून पुन्हा लावता येतो. शहाड ते कल्याण गाडी कितीही हलो, अक्षर वाकडं येईल, पट्टी सरळच लागते.

साधा सेलोटेप : पानावर तो पिवळा पडतो, पण त्याचं आपल्या गावाशी नातं आहे. त्याचं मूळ सेलोफेनमध्ये. सेलोफेन आणि रेयॉन दोन्ही लाकडाच्या लगद्यातून बनतात, आणि मोहन्याच्या एनआरसीत रेयॉनच तयार व्हायचं. २००९ मध्ये ती कंपनी बंद पडली आणि अनेक घरांचं रोजचं वेळापत्रकच बदललं.

पेन : जेल पेन दिसतं मस्त, पण पावसाळ्यात छत्रीचं पाणी पडलं की बहुतेक जेल शाई पसरते. जुलैपुरतं बॉलपेन बरं, त्याची शाई तेलकट असते. शाईपेनवाल्यांनी शंभर जीएसएमच्या आसपासचा कागद बघावा. शाई म्हटलं की दांडेकरांचं कॅम्लिन आठवतंच. १९३१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या कंपनीचा मोठा हिस्सा २०११ मध्ये जपानच्या कोकुयोने घेतला. म्हणजे वाशी टेप आणि उंटछाप शाई आता लांबचे पाहुणे!

फुकटचा खजिना : लग्नपत्रिकेची सोनेरी कड, जुन्या कॅलेंडरची चित्रं, मिठाईच्या बॉक्सची रिबन. सिनेमाचं तिकीट थर्मल कागदावर छापलेलं असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, अक्षरं काही महिन्यांत उडतात.

आता फंडा ऐका. आठवड्याचं पान उघडा. प्रवासाच्या तासांवर निळी पट्टी, ऑफिसवर करडी, घरकामावर हिरवी. फुलं, स्टिकर, चांदण्या यांतलं अजून काहीही नको. जो कोरा तुकडा उरेल, तो तुमचा. कुणाचा तळहाताएवढा असेल, कुणाचा नखाएवढा. नखाएवढा असेल तर दोष प्लॅनरचा नाही; घरात हिरवी पट्टी कुणाकुणाच्या पानावर आहे, हे एकदा बघाच. बऱ्याच घरांत ती एकाच पानावर सापडते! ते पान रविवारी चहाच्या टेबलावर उघडं ठेवा. भांडणापेक्षा रंग लवकर पटतात.

आणि सगळ्यात सुंदर स्टिकर? तो त्या कोऱ्या तुकड्यासाठी राखून ठेवा. तिथे गाण्याचा क्लास लिहा, मैत्रिणीचं नाव लिहा, नाहीतर नुसतं ‘झोप’ लिहा.

मग, कुठला रंग घेताय?