आधी विचारा, मग सांगा

लिया ली ही लाओसमधून कॅलिफोर्नियातील मर्सेडला आलेल्या ह्मोंग निर्वासितांची मुलगी; जन्म १९८२ चा. तिला फिट्स येत. डॉक्टरांच्या मते तो मेंदूचा विकार होता, तर आईवडिलांच्या मते तिचा आत्मा हरवला होता. औषधे वारंवार बदलली जात; बाटलीवरचे इंग्रजी आईवडिलांना वाचता येत नव्हते. १९८६ मध्ये लियाच्या मेंदूला कायमची इजा झाली.

परिचारिकांच्या प्रशिक्षणात परक्या समाजांच्या चालीरीती पाठ करून घेणे पुरेसे नाही; त्यातून नवे पूर्वग्रहच तयार होतात. ‘हा आजार कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते? औषधाची भीती वाटते का?’ हे विचारायला शिकवावे. उत्तर समजण्यासाठी प्रशिक्षित दुभाषी हवा, घरातले शाळकरी मूल नव्हे. त्याचा खर्च रुग्णालयांनी औषधाइतकाच आवश्यक मानावा.